तुमचं घर कुठल्या खोऱ्यातलं?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या दारावरून पावसाचं पाणी कुठे जातं? ‘गटारात’ असं सांगून मोकळ्या होऊ नका. गटारातून पुढे कुठे? कुठल्या ओढ्याला, कुठल्या नदीला? मला स्वतःलाही हे अगदी परवापरवापर्यंत सांगता येत नव्हतं. सांगता येण्याची गरजच काय, असं वाटायचं. मग २०२४ च्या सप्टेंबरात आमच्या वन्संच्या नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी शिरलं. डब्यातलं पीठ, कणगीतले गहू, खालच्या कप्प्यातला मिक्सर, सगळं गेलं. आणि हे सगळं एका शब्दाकडे दुर्लक्ष केल्यामुळे घडलं. तो शब्द कोणता ते सांगतेच, पण आधी थोडं मागे जायला हवं.

माझं माहेर पवन मावळातलं, पुण्याच्या पश्चिमेला. लोहगड, तुंग, तिकोना असे किल्ले सभोवती आणि मधे पवना नदी. आमच्याकडे सूर्य डोंगराआडून उगवायचा आणि डोंगराआडच मावळायचा. सासर मिळालं ते हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवचं. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ज्याची परंपरा आहे, तेच हे नरसी, हिंगोलीच्या पश्चिमेला, कयाधू नदीच्या काठी. कयाधू हे प्रल्हादाच्या आईचं नाव, आणि तिच्या काठावरच्या गावाचं नाव नरसी! ऐकणाऱ्याला नरसिंहाची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा गावी आले. देवदर्शन झालं, ओटी भरून झाली, आणि संध्याकाळी माळवदावर उभी राहून मी ह्यांना म्हटलं, “इथं काहीच नाही हो! ना डोंगर, ना दरी. सगळं कसं पोळपाटासारखं.”

मागे आत्याबाई वाळवण काढत होत्या, ते माझ्या लक्षातच नव्हतं. (आमच्याकडे सासूबाईंना आत्याबाई म्हणतात.) त्या हसून म्हणाल्या, “पोळपाट हाय म्हणतीस? मग पोळपाटावरचं पाणी नदीला कसं गेलं गं?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मला शेतावर घेऊन गेल्या. नवी सून म्हणून नव्हे, तर पोळपाट पाहायला!

त्या दिवशी मी काय काय शिकले म्हणता! नदीच्या लगतचा काठ ती थडी. समोरची पैलथडी, आपली ऐलथडी. पूर ओसरल्यावर काठाला जो मऊ गाळ बसतो ती मळई. तिथे भाजीपाला असा येतो की खत घालायला नको. थडीपासून वर चढत गेलं की काळी, म्हणजे काळ्या मातीची शेतजमीन. त्याच्याही वर, जिथे माती हलकी आणि दगड फार, ते बरड, आणि त्यापुढे उघडा माळ. गाव वसलेलं असतं ते पांढरीवर. ही पांढरी बहुधा जरा उंचवट्यावर असते, पुराच्या पाण्यापासून लांब. जुन्या लोकांनी घर काळीत बांधलं नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. तिच्यावरच्या भिंतीला तडा ठरलेलाच. दोन शेतांमधली खोल गेलेली गाडीवाट ती पांदण. उन्हाळ्यात ती रस्ता असते आणि पावसाळ्यात ओढा. माझ्या माहेरी हिला पाणंद म्हणतात. शब्द बदलला तरी चिखल तोच.

चालता चालता आत्याबाई एका ठिकाणी थांबल्या. “हे बघ, हे लवण.” मला काहीच दिसेना. आजूबाजूसारखंच शेत. पण बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की दोन्हीकडची जमीन मधे किंचित वाकली आहे. परातीचा तळ असतो ना, तशी. लवणे म्हणजे वाकणे. नवी सून लवून नमस्कार करते तशी तिथे जमीन लवलेली. (मिठाचं लवण वेगळं बरं का!) उन्हाळ्यात लवणातून जाताना तुमची पावलंसुद्धा सांगणार नाहीत की आपण खाली उतरलो. पण मोठा पाऊस झाला की सगळ्या शिवाराचं पाणी तिथेच गोळा होतं आणि तिथूनच ओढ्याला लागतं. दरी नाही म्हणून मी ज्या गावाला नावं ठेवली, त्या गावाकडे दरीचे इतके बारीक शब्द होते. माझ्या माहेरच्या दऱ्या डोळ्यांना दिसतात, त्यांना नाव नसलं तरी चाललं असतं. इथे जमिनीची खोली नजरेला दिसतच नाही, ती शब्दातच जपावी लागते.

अर्थात माहेरचा अभिमान मीही सोडला नाही. घरी परतताना आत्याबाईंना माझे शब्द ऐकवले. आमच्याकडे पश्चिमेच्या त्या डोंगराळ पट्ट्यातली प्रत्येक नदी आपली स्वतंत्र दरी घेऊन येते, आणि अशा दरीला म्हणायचं मावळ किंवा खोरं. मावळतीकडचा मुलूख तो मावळ. पवनेचं पवन मावळ, आंद्रेचं आंदर मावळ, गुंजवणीचं गुंजण मावळ. मुठेचं मुठे खोरं, वेळवंडीचं वेळवंड खोरं. अशी बारा मावळं मोजायची पद्धत होती. शिवाजीमहाराजांचे पहिले सवंगडी या खोऱ्यांतले, म्हणून ते मावळे. शाळेत आपण ‘मावळा’ म्हणजे सैनिक एवढंच शिकतो. तो खरं तर दरीत राहणारा माणूस! त्याच्या उत्तरेला, जुन्नरपासून चाकणपर्यंत, हीच दरी ‘नेर’ होते. मीना नदीचं मीननेर, घोडचं घोडनेर, भीमेचं भीमनेर, भामेचं भामनेर. म्हणजे पन्नास-साठ मैलांत एकाच गोष्टीला तीन नावं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “इतकी नावं कोण ध्यानात ठेवतं?” मी म्हटलं, “जिचं पाणी तिथं जातं ती.” तेवढ्यापुरती माझी सरशी झाली खरी.

आता जरा शब्दांची गंमत बघा. दरी हा शब्द संस्कृतातही आहे, पण तिथे त्याचा अर्थ गुहा, डोंगरातली पोकळी. मराठीत येईपर्यंत गुहेचं छप्पर उडालं आणि दरी उघडी झाली! घळ या शब्दात मात्र दोन्ही अर्थ उरले आहेत. पाण्याने कोरलेली अरुंद दरी तीही घळ, आणि समर्थ रामदासांनी जिथे दासबोध सांगितला अशी परंपरा आहे ती महाडजवळची शिवथरची घळ म्हणजे धबधब्यालगतची गुहाच. दोन डोंगरांमधून पलीकडे जायची अरुंद वाट ती खिंड. पाहुणे अचानक आले आणि घरात साखर नाही, अशा वेळी आपण ‘खिंड लढवतो’ ती हीच, १६६० सालच्या पावनखिंडीपासून घराघरात पोचलेली. सह्याद्रीच्या कड्यातून उभी खाली उतरणारी चिंचोळी घळ तिला नाळ म्हणतात. रायगडाकडे उतरणारी बोराट्याची नाळ पायी फिरणाऱ्यांच्या ओळखीची आहे. आणि बाळाची नाळ? तीही तीच की, वरून खाली जोडणारी.

घाट तर एकटाच किती ठिकाणी कामाला येतो! डोंगर चढायची वाट घाट, नदीकाठच्या पायऱ्या घाट, आणि कळशीचा घाट चांगला आहे म्हणतो तेव्हा तिचा आकार. शिवाय लग्नाचा घाट घालतो तो निराळाच.

खोरं या शब्दाचा मला सगळ्यात जास्त लळा. माती ओढायचं अवजार तेही खोरं आणि नदीची दरी तीही खोरं. ‘खोऱ्याने पैसा ओढतोय’ असं आपण म्हणतो ते अवजाराचं. पण नदीसुद्धा दुसरं काय करते? हजारो वर्षं दोन्ही बाजूंची माती खाली ओढतच असते.

स्वयंपाकघरातही दऱ्या आहेत, तुम्ही रोज करता. कणकेत मोहन घालायच्या आधी बोटांनी करता तो खळगा. भाताच्या मुदीवर वरणासाठी चमच्याने केलेलं आळं. दोन हात जुळवले की ओंजळ. गालावर पडते ती खळी. कौलारू घर असेल तर दोन छपरं जिथे खाली मिळतात तिथली पन्हळ, म्हणजे छपराची दरीच की! आणि ही पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली की पाणी कुठे येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मृगाच्या आधी पन्हळ साफ करून घ्यायची, हे आजी दरवर्षी न चुकता बजावायची. घर लहान असो की जिल्हाएवढं, पाण्याचा कायदा एकच.

जिल्ह्याचं म्हणाल तर हिंगोलीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हा जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. माणसांनी सीमा आखली, पण पाण्याने आपली वाटणी आधीच केली होती. नरसीवरून जाणारी कयाधू पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता, आणि प्राणहिता थेट गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ गोदावरीला. याच जिल्ह्यात औंढ्याच्या बाजूला सिद्धेश्वर धरण आहे ते पूर्णा नदीवर, आणि पूर्णा मात्र नांदेडच्या वरच गोदावरीला मिळते. म्हणजे मधल्या डोंगराच्या धारेवर उभं राहून कोणी दोन्ही हातांनी दोन कळशा ओतल्या, तर एका कळशीचं पाणी नांदेडच्या घाटावरून जाईल आणि दुसरीचं विदर्भाला मोठा वळसा घालून येईल. औंढ्याला नामदेवांचे गुरू विसोबा खेचर, नरसीला नामदेव. भेट झाली ती औंढ्याला, पण पाण्याच्या हिशोबाने दोन गावं दोन खोऱ्यांतली.

आणि पूर्णा म्हटलं की पुन्हा घोटाळा, कारण पूर्णा दोन. आमची मराठवाड्याची गोदावरीकडे जाते. वऱ्हाडची पूर्णा तापीला मिळून पार पश्चिमेच्या समुद्राला. त्या वऱ्हाडच्या पूर्णेच्या सखल, काळ्या पट्ट्याला जुनं नाव पाईनघाट, आणि बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडच्या उंच भागाला बालाघाट. बाला म्हणजे वरचं, पाईन म्हणजे खालचं. हे फारसी शब्द मोगलांच्या दफ्तरातून आले आणि इथल्याच मातीत रुजले. गोदावरीच्या दक्षिणेला बीडकडचा बालाघाट डोंगरही त्याच नावाचा. गोदेच्या दोन्ही काठांना मात्र आपली अस्सल मराठी गंगथडी, कारण मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणायचं. भीमेच्या काठाला तशीच भीमथडी. तिथले घोडे एके काळी नावाजलेले होते. कोकणात गेलात तर सह्याद्रीच्या पायथ्याची वलाटी आणि समुद्राकडची खलाटी. मुलगी कुठे दिली, या प्रश्नाला पूर्वी ‘गंगथडीला’ किंवा ‘वलाटीला’ एवढं उत्तर पुरायचं. पाणी कसं, धान्य कोणतं, भाकरी कशाची, सगळं त्यात आलं. आता आपण पिनकोड सांगतो.

सरकारी कागदात हल्ली एकच शब्द उरला आहे, खोरे. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं तेव्हापासून तर वर्तमानपत्रात रोज खोरं. तुटीचं खोरं, विपुलतेचं खोरं, या खोऱ्यातून त्या खोऱ्यात पाणी. शब्द चांगलाच आहे, तक्रार नाही. पण मोठ्या खोऱ्याच्या गडबडीत लहान लवण कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि आता येते ती वन्संची गोष्ट.

वन्संचं सासर याच भागातल्या एका शहरात. दोघंही नोकरीला, भाड्याच्या घरात बारा वर्षं काढलेली. शहराच्या कडेला प्लॉट पडले. कागद पक्के, एन. ए. झालेलं, रस्ता तीस फुटी. आत्याबाईंना मुद्दाम दाखवायला नेलं. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखत होते, तरी त्या प्लॉटच्या चारी कोपऱ्यांना फिरून आल्या. मग जावयाला म्हणाल्या, “जावईबापू, जागा चांगली हाय, पण हे लवण हाय. इथं कशाला घर बांधायलेत?”

जावईबापूंनी सभ्यपणे हसून सांगितलं, “आता इथं मुरूम टाकून सपाट केलंय, आत्याबाई. लवण राहिलंच नाही.” वन्संनाही आईचं म्हणणं जुन्या काळातलं वाटलं. खरं सांगू? मलाही वाटलं. हप्ता ठरला होता, मुहूर्त काढला होता, आणि समोर तर जमीन सपाटच दिसत होती. जिने पहिल्याच दिवशी ‘पोळपाट’ म्हणून हसं करून घेतलं होतं, तिने तरी शहाणं व्हायला हवं होतं की नाही? पण मी गप्प बसले. सुनेने नणंदेच्या घराबद्दल बोलू नये, असं स्वतःला समजावलं.

घर झालं, वास्तुशांत झाली. दोन पावसाळे बेताचे गेले. मग २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेड या सगळ्या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. मुरूम टाकल्याने लवण दिसेनासं झालं होतं, पाणी त्याला विसरलं नव्हतं. वरच्या अंगाच्या सगळ्या वसाहतीचं पाणी रात्री दोनला वन्संच्या अंगणात उभं राहिलं. पुढे जायला वाट नव्हती, कारण खालच्या बाजूला ज्यातून ते पूर्वी ओढ्याला लागायचं तिथे कोणाचं तरी कुंपण होतं. नशीब, माणसं वर गच्चीत होती.

शहरातल्या बायकांनो, हे फक्त आमच्याकडचं समजू नका. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्यात वीसहून अधिक माणसं गेली. ओढा नावातच होता, तरी वर्षानुवर्षं लोक त्याला नाला म्हणत होते आणि नाल्यात कचरा टाकायचा असतो! डोंगराकडच्या शब्दांचंही तेच. दरड म्हणजे उभा, ढासळता उतार. दरीच्या शेजारचाच शब्द. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर आला तेव्हा १५१ जीव गेले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली. आपण ‘दरड कोसळली’ असं म्हणतो तेव्हा वाटतं, जणू वरून एखादा दगड पडला.

म्हणून घर घ्यायच्या विचारात असाल तर फरशी आणि ओट्याचा रंग ठरवण्याआधी थोडा उद्योग करा. पाऊस पडत असताना जागा पाहायला जा. उन्हाळ्यात सगळ्याच जागा शहाण्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयात गावाचा नकाशा मिळतो, त्यात जुने ओढे-नाले दाखवलेले असतात. नदीजवळची जागा असेल तर पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची कड, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामधे अटी. पण प्रत्येक लवणाला अशी रेषा कोणी आखून ठेवलेली नसते. त्यासाठी शेजारच्या जुन्या गावठाणात जाऊन एखाद्या म्हातारीला विचारायचं, “इथं आधी काय होतं?” तिने ‘शेत होतं’ म्हटलं तर पुन्हा विचारायचं, “शेताचं नाव काय?” ओढ्याचं वावर, खोलवट, लवणातलं, डोहाकडचं, अशी नावं ऐकू आली तर बयाणा देण्याआधी घरी येऊन चहा प्या आणि नीट विचार करा. घर घेतलेलंच असेल तर निदान बाहेरची पाण्याची वाट मोकळी ठेवा, जोतं उंच करा आणि धान्य खालच्या कप्प्यात ठेवू नका. विजेचे बोर्डही वर घ्यावे लागतात; वन्संना ते सगळं पुन्हा करावं लागलं.

घर विकायचा विषय निघाला होता, पण अशी जागा आता घेणार कोण? अखेर स्वयंपाकघराची जमीन दोन फूट उचलली, दाराशी तीन पायऱ्या केल्या, आणि शेजारच्या चार घरांनी मिळून कुंपणवाल्याला विनंती करून पाण्यापुरती वाट सोडवून घेतली. त्यात पहिला अर्ज वन्संनीच लिहिला. ‘सदर ठिकाणी पूर्वी लवण होते’ असं त्यात त्यांनी दोनदा लिहिलं आहे. कचेरीतल्या तरुण कारकुनाने विचारलं, “म्हणजे मीठ का?”

दिवाळीला आम्ही सगळे तिथे जमलो होतो. आत्याबाई नव्या पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या. “लई उंच केलं गं,” म्हणाल्या. वन्सं आतून ओरडल्या, “आई, तूच सांगितलं होतंस की!” “मी घर बांधू नका म्हनलं होतं,” आत्याबाई म्हणाल्या, आणि तिसरी पायरी चढून त्यांनी करंज्यांचा डबा मागितला.